मान स्थिर ठेवा, काका

साजगावच्या एका कारखान्यात मी लोकांना यांत्रिक हात चालवायला शिकवते. वितळलेल्या धातूवरची मळी तो हात काढतो. हात भट्टीपाशी, आणि चालवणारा माणूस पन्नास पावलांवरच्या गार खोलीत, डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवून. तेव्हा भट्टीजवळच्या खांबावर दोन कॅमेरे पक्के बसवलेले होते. एकाचं चित्र डाव्या डोळ्याला, दुसऱ्याचं उजव्या. दोन्ही मिळून भांड्याचा काठ किती लांब ते कळतं. प्रत्येक तुकडीला हे सांगून सांगून मला माझ्याच बोलण्याचा कंटाळा आला होता.

एका तुकडीत लोधिवलीकडचे एक काका आले. वीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून, लांब दांड्याने हीच मळी त्यांनी काढलेली. ह्यांना काय शिकवायचं, असं सगळे म्हणत. काम करताना मान सारखी डावीउजवीकडे झुलवायची त्यांची सवय होती, दाणा टिपण्याआधी कोंबडी करते तशी. चष्मा घातल्यावरही तेच. आता कॅमेरे खांबावर, मान हलवून चित्र थोडंच हलणार? उलट डोकं गरगरतं.

"मान स्थिर ठेवा, काका," मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र सगळ्यांसमोर विचारलं, अंगात येतंय का म्हणून. सगळे हसले. काकाही हसले आणि त्यांनी मान ताठ केली.

त्यानंतर त्यांना काही जमेना. सराव रिकाम्या भांड्यावर होता, म्हणून बरं. दांडा कधी काठावर आपटे, कधी वीतभर अलीकडेच हवेत फिरे. तीन दिवस हेच. वय झालं, जुन्या माणसांना नवं नकोच असतं, असा निकाल मी मनात केव्हाच लावला होता. कागदावर लिहिलं, 'अंतराचा अंदाज येत नाही.' हाताने मळी काढणं तर बंदच झालं होतं. गेटवर बसता का, असं त्यांना विचारलं गेलं. ते नको म्हणाले आणि घरी गेले.

वर्षभराने नवे कॅमेरे आले. ते खांबावर नाहीत, एका हलत्या मानेवर. आपण वाकलो की तेही वाकतात, आपण सरकलो की सरकतात. ते तपासताना माझ्या एका डोळ्यात काहीतरी गेलं. तो मिटून मी तशीच बघत राहिले, डोकं जरा हललं, आणि भांड्याचा काठ मागच्या भिंतीपासून सुटून पुढे आला. जवळचं जास्त सरकत होतं, लांबचं कमी. एका डोळ्यालाही अंतर कळत होतं. मला काकांची झुलणारी मान आठवली.

भट्टीवरच्या त्यांच्या जुन्या सोबत्याला मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "त्येला एकच डोळा हाय. दुसरा नुसता दिसायला."

लहानपणी झोडणीच्या वेळी त्या डोळ्यात भाताचं कुसळ गेलं होतं. दरवर्षीच्या तपासणीत त्या डोळ्याची पाळी आली की काका पाटीवरची अक्षरं पाठ म्हणत. नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगायचं नाही, हे भट्टीवरच्या सगळ्यांनी पाळलं होतं. मला तरी का सांगतील? आणि विचारण्याइतकी मी थांबलेच कुठे?

काका आता चौक गावाजवळच्या एका फार्महाउसवर राखणदार आहेत. एका रविवारी मी गेले तेव्हा ते लॉनला पाणी घालत होते. नळ बंद करून त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसले. मी सगळं सांगून टाकलं. तुमची मान बरोबर होती, माझं चुकलं. नव्या कॅमेऱ्यांवर तुम्ही हे एका दिवसात कराल. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. उलट त्यांचा चेहरा उजळत गेला. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत ते उठले.

"मंग ताई, कंच्या पाळीला येऊ?"

त्यांच्या जागेवर शेलूचा एक जण केव्हाच लागला होता, आणि काम चांगलं करत होता. कारखान्यात मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. मी फक्त माफी मागायला आले होते, आणि तेच मला त्यांना सांगावं लागलं.