खिळ्यावरची चिंधी

गाडी चढेना, एवढंच आधी माझ्या लक्षात आलं. मी महाडहून पोलादपूरला शाळेत शिकवायला जाते. सपाट रस्त्यावर ती कशीबशी पळायची, पण जरा चढ लागला की तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सतरा वर्षांची, पासिंग पुन्हा करून घेतलेली. अप्पांचं हार्डवेअरचं दुकान बंद झालं, आई गेली, उरली ही गाडी. चालवणं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं, तरी रोज सकाळी तिला पुसतात आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेपर वाचतात. मुंबईच्या माझ्या धाकट्या भावाला हा सगळा खुळेपणा वाटतो. गणपतीला आला तेव्हा म्हणाला, "ताई, दिवाळीनंतर देवाला जाऊ. गाडी आंबेनळी घाट चढली तर राहू दे. नाही चढली तर मी विकणार, मग कुणी तोंड पाडून बसायचं नाही."

आमचं कुलदैवत घाटातल्या एका वाडीत आहे. अप्पा दर वर्षी तिथे नारळ द्यायला याच गाडीने जातात. "चढेल," ते म्हणाले आणि विषय संपवला. ही गाडी गेली तर या माणसाने सकाळी उठायचं कशासाठी, हे मला सुचत नव्हतं.

मग माझ्या गॅरेजच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या मिस्त्रीने एअर फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर काढून जमिनीवर आपटला. मूठभर लाल धूळ पडली. "रस्त्याच्या कामाची धूळ, बाई. बदलून टाका." बदलला. गाडी तशीच. दुसरा म्हणाला क्लच प्लेट, तिसरा म्हणाला पेट्रोलचा पंप. भाऊ फोनवर म्हणाला, वय झालंय तिचं. अप्पा म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही, तुझा पाय हलका आहे." मी ज्याचं ऐकायची त्याचं मला पटायचं, आणि हीच माझी अडचण होती.

मी सातवीला विज्ञान शिकवते, हे इथे कबूल केलेलं बरं. त्याच आठवड्यात पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून मी मुलांना दाखवलं होतं की ज्वलनाला हवा लागते. मेणबत्ती विझली, मुलांनी वहीत लिहून घेतलं, आणि बाई घरी येऊन क्लच प्लेटचा विचार करत बसल्या.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी एकटीच चाचणीला निघाले. पोलादपूर सोडून घाटाला लागले आणि चौथ्या की पाचव्या वळणावर गाडी आचके देऊन थांबली. चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं आणि आत नुसतीच बघत राहिले. वरच्या वाड्यांतली माणसं नेणारा एक जीपवाला थांबला. मी त्याला फिल्टर, क्लच, पंप, सगळं पुराण सांगितलं. त्याने त्यातलं काही ऐकलं नसावं.

"चालू करा. रेस द्या जरा," तो म्हणाला. कान लावून ऐकलं, मग बंद करायला सांगितलं. फिल्टरच्या डब्याकडे हवा नेणारी काळी नळी त्याने सोडवली, आत दोन बोटं घातली आणि ओढली तर चौकडीच्या पंचाची एक लांबलचक चिंधी बाहेर आली.

"बाई, हिला श्वासच नाय. नाक बांधून कुणी ठेवलंय?"

कुणी ते मला त्याच क्षणी कळलं, आणि तरी कळेना.

मोठ्या पुरात गाडी बुडाली होती. पाणी ओसरल्यावर अप्पांनी घाईने चावी फिरवली, आणि फिल्टरपर्यंत भरलेलं पाणी इंजिनाने आत ओढून घेतलं. इंजिन उतरवावं लागलं. ती घाई अप्पांनी स्वतःला कधी माफ केली नाही. पावसाळ्यात नदी वाढली की आम्ही सगळेच महाडकर गाड्या उंचावर नेऊन लावतो, पण अप्पा त्याच्याही वर त्या नळीच्या तोंडात चिंधी कोंबतात. चिंधीने पूर थांबत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं. वापर झाला की ती दारामागच्या खिळ्यावर, चावीच्या शेजारी. पण आता पावसाळा संपला होता. आणि चिंधी तर खिळ्यावर होती, सकाळी चावी घेताना मी पाहिली होती.

घरी येऊन दोन्ही शेजारी धरल्या. एकाच पंचाच्या. एकीची फाटलेली कड दुसरीच्या कडेला बरोबर जुळत होती.

"अप्पा, ही गाडीत सापडली."

त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. "छे, माझी ही काय इथे. पाऊस संपल्यावर मी कशाला घालीन?" बोलणं बिनतोड होतं. "मिस्त्रीची राहिली असेल," असंही म्हणाले. मग ती कड बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले आणि त्यांनी विचारलं, "कुठे सापडली म्हणालीस?"

तेव्हा मला भीती वाटली. गाडीची नव्हे.

दिवाळीनंतर आम्ही तिघं देवाला गेलो. गाडी एकदाही न थांबता चढली. "काय केलंस?" भावाने विचारलं. "फिल्टर बदलला," मी म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. मागच्या सीटवर अप्पा मांडीवर नारळ घेऊन बसले होते. "सांगितलं होतं मी," ते म्हणाले. विकायचं नाव भावाने पुन्हा काढलं नाही.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता. बॉनेट उघडलं, नळीत चिंधी. घाटात सापडलेली मी आधीच टाकून दिली होती; हीही कचऱ्यात टाकली, तर अप्पांनी दिवसभर घर पालथं घातलं आणि संध्याकाळी उशीचा अभ्रा फाडला.

आता ते अंघोळीला गेले की मी खाली जाते. चिंधी असलीच तर काढते, झटकते, वर येऊन खिळ्यावर अडकवते. भावाला हे सांगावं की नाही, ते अजून माझं ठरत नाही. सांगितलं तर तो काय करील ते ठाऊक आहे. न सांगून मी काय करते आहे, ते ठाऊक नाही.

शाळेला निघताना अप्पा पेपराची घडी घालून सीटवरून उतरतात, मला जागा करून देतात. काल दार लावता लावता म्हणाले, "पावसाळ्यात चिंधी घालायला विसरू नकोस हो. तुझं हल्ली लक्ष नसतं."

"नाही विसरणार," मी म्हणाले.