ज्याला आम्ही वैराग्य समजलो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडी आधी नलिनीताई देवस्थळींचं नाव येतं. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. आमच्या घरी दत्ताची उपासना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि उपकार म्हटले की ते महाराजांचे, हेच मी लहानपणापासून ऐकत आलो. नलिनीताईंशी माझं नातं काहीच नाही. मुंबईच्या एका इस्पितळातर्फे त्या घरोघर फिरून माणसांना प्रश्न विचारत, एवढंच. पण त्या रविवारी त्यांना माझ्या दाराशी कुणी आणलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही, त्यामुळे ही दोन नावं मला फारशी वेगळी वाटत नाहीत.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. रबाळ्याच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात नोकरी लागली आणि वाशीत वसाहतीतली दोन खोल्यांची जागा मिळाली. गावाकडच्या लोकांना वाटे, याचं सोनं झालं. तसं ते झालंच होतं. पण वाशी तेव्हा फार मोकळी होती. इमारती उभ्या होत्या, रस्ते आखलेले होते, आणि त्यांवर माणसं मात्र तुरळक. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की दारं आपटत. समोरच्या इमारतीत दिवा लागलेला दिसे, पण तिथे कोण राहतं हे माहीत नसे. माझी पत्नी सुमन लवकर रुळली. पाण्याच्या वेळा, भाजीवाली, लहान मुलीला खेळायला कुणाकडे न्यायचं, हे सगळं तिने जमवलं. मला मात्र काय होत होतं ते कळेना.

आधी झोप गेली, मग भूक. मुलगी गळ्यात पडली तरी तिचं वजन तेवढं जाणवे, बाकी काही नाही. कामावर आकडे डोळ्यांसमोरून सरकत जात. कचेरीतले सहकारी थट्टा करत, "अहो महाराज, व्हाउचरवर सही करा, मग लावा समाधी!" त्या थट्टेने मी दुखावलो नाही. उलट बरं वाटलं. कारण मला जे होत होतं त्याला माझ्यापाशी एक नाव तयार होतं, ते म्हणजे वैराग्य. संसारातून मन उठलं, खाण्यापिण्याची वासना गेली, बोलणं नकोसं झालं. अशा अवस्थेला आमच्या घरात फार मान होता.

मान होता तो माझ्या वडिलांमुळे. ते शिंपीकाम करत. मी शाळेत असताना एके दिवशी त्यांनी यंत्रावर चादर टाकली ती टाकलीच. पुढे ते नदीकाठच्या दत्ताच्या देवळात ओवरीवर बसून राहू लागले. कुणाशी बोलत नसत, हाक मारली तर बघत नसत. सुरुवातीला लोक हसले. मग कुणाचं तरी अडलेलं काम झालं आणि तो मनुष्य सांगत सुटला की, मी शिंपीमहाराजांच्या पायावर डोकं ठेवून निघालो होतो. तेव्हापासून गुरुवारी त्यांच्यापुढे नारळ येऊ लागले. आई डबा घेऊन देवळात जाई आणि बहुतेक वेळा तो भरलेलाच परत आणी. मी कॉलेजात होतो तेव्हा त्यांनी अन्न पूर्णपणे बंद केलं. आईने आग्रह करू नये, व्रत मोडेल, असं चार मोठ्या माणसांनी तिला बजावलं. ती ऐकणारी होती. तिने ऐकलं. त्यांची अंत्ययात्रा टाळमृदंगाच्या गजरात निघाली आणि मीही मान ताठ ठेवून चाललो. असा बाप आपल्याला लाभला, याचा मला अभिमान होता.

तोच वारसा आता माझ्याकडे आला, असं मी धरून चाललो. कंपनीच्या कामासाठी मला अधूनमधून मुंबईला जावं लागे. बस खाडीच्या पुलावर आली की खालचं पाणी बोलावतंय असं वाटे. त्या ओढीलाही मी विरक्तीच समजत होतो, यावरून मी किती भरकटलो होतो ते कळेल. अखेर मी ठरवलं की घर सोडायचं, नदीकाठच्या कुठल्यातरी दत्तस्थानी जाऊन राहायचं, परत यायचं नाही. त्या रविवारी सकाळी मी पिशवी भरून दाराशी ठेवली. सुमन नुसती कणीक मळत राहिली, आणि तिच्या बांगड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

तेवढ्यात दार वाजलं. दारात खांद्याला झोळी लावलेल्या मध्यम वयाच्या बाई उभ्या. म्हणाल्या, "नमस्कार. मी इस्पितळातून आले. नवीन शहरात राहायला आलेल्या माणसांच्या मनावर काय परिणाम होतो, त्याचा आम्ही अभ्यास करतोय. खरं म्हणजे आमच्या यादीत शेजारचं घर होतं, पण त्यांना कुलूप आहे. मग नियमाप्रमाणे पुढचं घर घ्यायचं. तुमचं घर नमुन्यात आलंय."

मला भलताच राग आला. "नमुना? नमुना कुणाला म्हणता हो तुम्ही?"

आतून सुमनचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती ते सांगता येणार नाही. "या ताई, बरोबर घरात आलात! आमच्याकडे एक नमुना आहेच. ती बघा पिशवी. संन्यास घ्यायला निघालेत!"

"अगंबाई," नलिनीताई म्हणाल्या. पिशवीकडे बघून म्हणाल्या, "मग बस चुकेल का? तसं असेल तर मी जाते. उत्तरं दिलीच पाहिजेत असं काही नाही. नको म्हणालात तरी माझी ना नाही."

या वाक्याने मी थबकलो. शाळा, नोकरी, लग्न, कशाच्याच वेळी नको म्हणायची मुभा आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला नको म्हणता येत होतं, आणि नेमकं म्हणूनच मी खुर्ची पुढे केली. सुमनने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि हात पुसत भिंतीला टेकून उभी राहिली.

त्यांचे प्रश्न साधे होते. झोप येते का, जेवण जातं का, कामात लक्ष लागतं का. मी सगळ्याला नाही म्हणत गेलो, आणि खरं सांगायचं तर थोड्या तोऱ्यात म्हणत गेलो. शेवटी त्यांना समजावलं, "ताई, तुम्ही याला आजार समजाल. हे वैराग्य आहे. आमच्या घराण्यात आहे ते."

त्यांनी हातातला कागद झोळीत सरकवला. म्हणाल्या, "आता विचारते ते कागदावरचं नाही, माझं आहे. माझ्या माहेरीही दत्ताचं आहे. तुम्ही नाम घेता ना? ते घेताना बरं वाटतं का?"

कित्येक महिन्यांत नामाला गोडी नव्हती. जप करायचो तो दगड उचलून ठेवावेत तसा. देवाकडे पाहिलं तरी काही वाटत नव्हतं, आणि ही गोष्ट मी स्वतःपासूनसुद्धा लपवली होती. संसार नकोसा झाला होता, पण देवही हवासा उरला नव्हता. मी मुलीच्या देखत ओक्साबोक्शी रडलो. नलिनीताई बसून राहिल्या. त्यांनी मला गप्प केलं नाही. माझं रडून झाल्यावर म्हणाल्या, "वैराग्य असतं तर आतून उजेड असता हो. तुम्ही दमला आहात. याला औषध आहे."

सुमनने पिशवी उचलून आत नेली. बस निघून गेली होती की नव्हती, ते कुणी पाहिलं नाही.

पुढे मी त्यांच्याबरोबर इस्पितळात गेलो, गोळ्या सुरू झाल्या. त्या काळी अशा गोळ्या घेतो हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सुमन शेजारणीला सांगे, "पित्ताचा त्रास आहे हो यांना." झोप हळूहळू परत आली. मग एका सकाळी गूळ घातलेल्या चहाची चव कळली, तेव्हा मी कप खाली ठेवून देव्हाऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. मागितलं काही नाही. बरं वाटलं एवढंच सांगितलं.

नलिनीताईंनी घणसोली गावात एक खोली भाड्याने घेऊन शनिवारची बैठक सुरू केली होती. ज्यांना असा त्रास झाला त्यांनी यावं, चहा प्यावा, वाटलं तर बोलावं. आमच्यासारखे वसाहतीतले नोकरदार आणि गावातली जुनी माणसं, सगळे एकाच सतरंजीवर. तिथे बारकीबाय म्हणून गावातलीच एक बाई येई. आवाज खणखणीत आणि जिभेला हाड नाही. एकदा ती आपली कहाणी सांगू लागली.

"मना काय झालता सांगू? पोरगी मांडीवर रडं आनि मी नुसती बघत बसं. घरची बोलली, हिला देवीनं धरलंय. झाला! हलद-कुकू लावाया बायका यायला लागल्या. माजा नवरा, जो कवा सरल बोलला नाय, तो माज्या पाया परं!"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "मग बरी कशाला झालीस बाय? पाया पडून घ्यायचं होतंस!"

"हसा, हसा," ती म्हणाली. "सगली पाया परत व्हती. पन जेवलीस का गो, असां एकीनंबी इचारला नाय."

मी हसत होतो तो थांबलो. माझ्या डोळ्यांपुढे देवळाची ओवरी आली, आणि आई तो भरलेला डबा घेऊन पायऱ्या उतरताना दिसली. इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही सिद्ध समजून नमस्कार केला, तो माझ्यासारखाच दमलेला एक शिंपी होता. तो आमच्याच डोळ्यांदेखत विझत गेला आणि आम्ही त्याच्यापुढे उदबत्त्या लावत राहिलो. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. गावाने प्रेमच केलं, आईने आज्ञा पाळली, मी मान ताठ ठेवली. वडिलांच्या दाराशी फक्त कुणी परका माणूस चुकून आला नाही. मला जे मिळालं ते त्यांना का मिळालं नाही, हा प्रश्न मी महाराजांना पुष्कळदा विचारला आहे. उत्तर आलेलं नाही. कृपा होते तेव्हा ती आपल्या वाट्याची असते, आणि जिथे ती झाली नाही ती जागा आपल्याला जन्मभर दिसत राहते.

एक मात्र शिकलो. घरदार टाकून जाण्याला मी शरणागती समजत होतो. खरी शरणागती मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळली. स्वतःबद्दल जे पक्कं ठरवलं होतं ते सोडलं, आणि एका अनोळखी बाईला माझ्याबद्दल वेगळं काही म्हणू दिलं. देवापुढे डोकं टेकवणं मला कधीच जड गेलं नाही. हे मात्र जड गेलं.

अभ्यास संपला आणि नलिनीताईंची बदली विदर्भात झाली. निरोप घ्यायला त्या घरी आल्या तेव्हा मी कारखान्यात होतो, त्यामुळे भेट झाली नाही. आमच्या उत्तरांचं पुढे काय झालं, त्यातून काय निघालं, तेही आम्हाला कधी समजलं नाही. पुढे आई आमच्याकडे राहायला आली, आणि मग मी त्यांना पत्र लिहिलं. तेच खाली देतो.

आदरणीय नलिनीताई,

सादर नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आहेत. घणसोलीची बैठक चालू आहे. तुम्ही गेल्यावर ती बंद पडेल अशी भीती होती, पण गावातल्या बायकांनी ती पडू दिली नाही. मुलगी आता शाळेत जाते आणि घरी येऊन मलाच शिकवते.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. आई आमच्याकडे आली आहे. मला काय झालं होतं आणि ते कसं बरं झालं, हे मी तिला परवा सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वडिलांचं नाव मी घेतलं नाही. तिनेही घेतलं नाही. ताट बाजूला ठेवून ती आत जाऊन पडली. काल सकाळी मला जवळ बोलावून म्हणाली, "म्हणजे ते बरे झाले असते का रे?"

आणि लगेच तीच म्हणाली, त्या बाईंना विचार. आणि मुद्दाम सांगितलं आहे की, म्हातारीला बरं वाटावं म्हणून काही लिहू नये, असेल तेच लिहावं. एवढ्या वर्षांनंतर आणि माणूस न पाहता असं सांगता येत नसेल, तर तसंच लिहा. तेही तिला चालेल.

आईला अक्षरओळख नाही. तुमचं पत्र आलं की मीच तिला वाचून दाखवणार. वाचता वाचता एखादा शब्द बदलला तर तिला कळणार नाही. मी बदलणार नाही.

आपला नम्र