जेवणाऱ्याचं नाव

ब्रह्मा घाटावर वेद शिकवणाऱ्या माझ्या वासुदेवकाकांना परदेशातल्या एका देवळात पुजारी म्हणून बोलावणं आलं. व्हिसाचा फॉर्म मी भरत होते. त्यात एक प्रश्न होता: दहशतवादी संघटनेतल्या कुणाला कधी जेवण किंवा आसरा दिला आहे का? मी ‘नाही’ लिहायला घेतलं, तर काकांनी थांबवलं.

“आपण दारी आलेल्याला नाव न विचारता वाढतो. चाळीस वर्षांत कोण कोण जेवून गेलं, मला काय ठाऊक? ‘माहीत नाही’ असं लिही.”

मी चिडले. “काका, सगळे डोळे झाकून ‘नाही’ लिहितात.”

“लिहू देत.”

व्हिसा नाकारला गेला. त्या दुपारी ओसरीवर एक अनोळखी माणूस पानावर बसला होता. मी त्याला नाव विचारणार, तेवढ्यात काकांनी भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं.

“आधी वाढ.”