मैमुनाबींनी लॅपटॉप फिरवला

मैमुनाबी मूळच्या म्हसळ्याच्या. दुबईत अल कुसैसला आमच्याच मजल्यावर तिघींत एक खोली घेऊन राहायच्या. नर्सेसचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या फॅक्टरीत त्या इस्त्रीवर होत्या. दिवसभर वाफेच्या टेबलाशी उभं राहायचं. पगार बाराशे दिरहाम, म्हणजे आपले एकोणतीस हजारांच्या आसपास. पाच वर्षांत त्यात वाढ शून्य. भिंतीवर मात्र भलंमोठं पोस्टर: 'आम्ही माणसांची काळजी घेतो.' इस्त्रीखान्याचा एक्झॉस्ट पंखा उन्हाळ्याच्या तोंडावरच बंद पडला होता. तो माणूस नसल्यामुळे त्याची काळजी कुणी घेतली नसावी.

मॅनेजर रामेश्वर नाशिककडचा. आपला माणूस म्हणून मैमुनाबी दोन-तीनदा त्याच्याकडे गेल्या. "बजेट पाठवलंय, इन्शाल्ला होईल," एवढंच उत्तर. हा गृहस्थ एसी केबिनमध्ये स्वेटर घालून बसे.

जुलैत शेजारच्या टेबलावरचा दगडू गरम इस्त्रीसकट कोसळला. दंड चांगलाच भाजला. रामेश्वर धावत आला आणि त्यानं आधी विचारलं, "कपड्याला डाग नाही ना पडला?"

त्याच आठवड्यात अमेरिकेतून हुकूम आला की कामगारांचं आरोग्य सुधारायचं. कसं? तर श्वासाचा क्लास घेऊन. पॅकिंग हॉलमध्ये सगळ्यांना खाली बसवलं. लॅपटॉपवर एक मॅडम अवतरल्या, पाठीमागे हिरवीगार बाग. रामेश्वर त्यांचं बोलणं हिंदीत सांगत होता, "आँखें बंद. लंबी साँस लो." हवेत कापसाची तूस भरलेली, त्यामुळे अर्धा हॉल खोकायला लागला. मॅडम खूश. म्हणाल्या, "तुमचा ताण बाहेर पडतोय!"

मैमुनाबी उठल्या, लॅपटॉप उचलला आणि इस्त्रीखान्याकडे चालू लागल्या.

"अहो मैमुनाबी, कॉल चालू आहे!"

"म्हणूनच नेतेय."

त्यांनी लॅपटॉप आधी बंद एक्झॉस्टसमोर धरला, मग मागोमाग आलेल्या दगडूच्या पट्टी बांधलेल्या दंडासमोर. म्हणाल्या, "मॅडम, साँस इधर आके लेके दिखाओ."

रामेश्वरनं इंग्रजीत सांगितलं, की ही बाई अभिमानानं आपली कामाची जागा दाखवतेय.

"ब्यूटिफुल!" मॅडम म्हणाल्या.

तेव्हा शिलाईवरची फिलिपिनो मुलगी जोसलिन मागून ओरडली, "नो मॅडम! शी सेज, यू कम अँड ब्रीद हिअर!"

मॅडमनी कॉल तोडला, बाग एकदम स्क्रीनवरून नाहीशी झाली.

"भीती नाही वाटली?" मी नंतर विचारलं.

"वाटली ना. पण ती बाग बघून अंगाचा नुसता तिळपापड झाला."

चार दिवसांत नवा एक्झॉस्ट बसला. त्याच्याखाली रामेश्वरनं हसत फोटो काढून घेतला, आणि 'आम्ही ऐकतो' असं लिहून कंपनीनं तो वेबसाइटवर टाकला. ज्यांचं ऐकलं त्या मैमुनाबींचं काँट्रॅक्ट ऑक्टोबरात संपलं, ते पुन्हा केलं नाही.

काही दिवस त्या फार घाबरलेल्या होत्या. मग शेजारच्या अजमानला एका अबायाच्या, म्हणजे अरबी बुरख्याच्या, दुकानात काम मिळालं. पगार थोडाच जास्त, पण बसायला खुर्ची आहे.

गेल्या महिन्यात रामेश्वरचा फोन आला. मोठी ऑर्डर होती, इस्त्रीवरचे दोघे सोडून गेले होते. "तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. शेवटी आपण मराठी माणसं."

"पगार किती वाढवलात?"

"ते माझ्या हातात नाही हो."

"मग फोन तरी कशाला हातात घेतलात?" मैमुनाबी म्हणाल्या, आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घ्यायला लागल्या.