बांधावरचे चाळीस हजार

गोटहिल्फ ब्रेनेके आमच्या गावचे शाळामास्तर. इतके भिडस्त, की बायकोला हाक मारण्याआधीही खाकरायचे. पण बर्लिनला एका प्राध्यापकांच्या हाताखाली इतिहास शिकताना त्यांना एक खोड जडली. कुठल्याही लढाईत किती मेले हे ऐकण्याआधी ते विचारत, "एवढे उभे कुठे होते? जेवले काय?"

आमच्या गावाचा सगळा मान एका लढाईवर उभा. चाळीस हजार स्वीडिश सैनिक न्याहारीआधी दलदलीतला बांध ओलांडून आले आणि आमच्या पूर्वजांनी त्यांना चिखलात लोळवलं! त्या विजयाच्या यंदाच्या उत्सवात भाषण मास्तरांचं होतं आणि त्यावरच त्यांची नोकरी कायम व्हायची होती. ती कायम करणारे शाळासमितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मेजर क्लुट्झो.

उत्सवाच्या सकाळी मास्तर चर्चसमोर चाचरत म्हणाले, "मेजरसाहेब, चाळीस हजार म्हणता येणार नाही. बांधावर दोनच माणसं शेजारी मावतात. एवढं सैन्य, घोडे, गाड्या... संध्याकाळ झाली असती."

"अहो मास्तर," बेकरीवाल्या हेडविगबाई कळवळल्या, "घरात पाळणा हलायचाय, जीभ आवरा!"

मेजर लालबुंद झाले. "सैन्य कसं चालतं हे मला शिकवता? नेमबाज मंडळ, चला, बांध ओलांडून दाखवू यांना! बँड पुढे, त्यामागे बिअरची गाडी!"

आमचं मंडळ आपापल्या पोटांसकट बांधावर चढलं.

"ढकलू नका हो, ढोल पाण्यात जाईल!"

"आधी तुझं पोट आत घे!"

पलीकडे पोचलेल्या बँडने विजयाची धून सुरू केली, तेव्हा रांगेचं शेपूट अजून चर्चपाशी बूट चढवत होतं. मधे गाडीचं चाक रुतलं. मेजरांचा घोडा ना पुढे जाई, ना मागे वळे. धून विरली. घोड्यामागेच अडकलेल्या मास्तरांची बाही त्यांच्या बायकोने, ओटिलीने, घट्ट धरली.

फ्रान्समध्ये पलटण चालवलेले मेजर घोड्यावरून उतरले. पुढे पाहिलं, मागे पाहिलं.

"किती होते मग?"

"फार तर चारशे, साहेब."

ओटिलीने डोळे मिटले.

"आणि आपले?"

मास्तर खाकरले. "सहाशे तरी. गावच्या तटावर तेवढे उभे राहतात."

मेजर मिशी चावत राहिले.

"तेवढे सहाशे भाषणातून गाळा."

"गाळता येणार नाहीत, साहेब."

मेजरांनी टोपी काढून टकलावरचा घाम पुसला. "नोकरी कायम," ते गुरगुरले. "पण पुढच्या वर्षी भाषण मी करणार!"