आमच्या घरचं ग्रहण

एकदा ग्रहण सगळ्या जव्हारचं सुटलं आणि फक्त आमच्या घराला लागलेलं राहिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या गोष्टींतलं निम्मं सोडून द्यावं, असं घरचेच लोक पाहुण्यांना दाराशी सांगून ठेवतात. ही मात्र पुरती धरा. हिच्यात मी घातलेलं असलंच तर थोडं धुकं जास्त असेल.

आणि तेही फारसं नाही. संस्थानचा कारभार होता तेव्हा जव्हारचं धुकंही संस्थानी थाटाचं असायचं. श्रावणात ते एकदा गावात शिरलं की माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखायची. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी बाजारात बराच वेळ घोंगडीचा भाव केला आणि पलीकडून उत्तर येईना म्हणून रागावून हात लावला, तेव्हा ती म्हैस निघाली. भाव मात्र त्यांनी पुष्कळ खाली आणला होता.

मी तेव्हा नाशकाहून इंग्रजी शाळा शिकून नुकताच परत आलो होतो. डोक्यात सायन्स शिरलं होतं आणि ते बाहेर पडायला वाट शोधत होतं. घरात ऐकायला माणसं दोनच. थोरला भाऊ संस्थानच्या जंगल खात्यात मोखाड्याला असायचा, त्यानं पावसाळ्यात घरी येणं म्हणजे विलायतेहून येण्यासारखं. घरात राज्य आत्याचं. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि तिनं आम्हा दोघांना वाढवलं. तिच्या राज्यात रयत म्हणून वहिनी आणि मी.

श्रावणातल्या अवसेला सूर्यग्रहण आहे असं पंचांगात निघालं, तेव्हा मी आदल्या दिवशी दोघींना बसवून ग्रहणाचा प्रयोग करून दाखवला. समई म्हणजे सूर्य, नारळ म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. लिंबू मध्ये आणलं, नारळावर सावली पडली, मी टाळीची वाट पाहिली.

“राहू कुठंय?” आत्यानं विचारलं.

राहू नसतोच, असं मी सांगितलं. चंद्र आपल्या वाटेनं फिरतो. मग त्याला फिरवतं कोण, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, गुरुत्वाकर्षण. ते दिसतं का, तर नाही. हाताला लागतं का, तर नाही. पण ते ओढतं हे नक्की ना, तर हो.

“त्यालाच आम्ही राहू म्हणतो,” आत्या म्हणाली, आणि तिनं पृथ्वी फोडून चटणीला घेतली.

मी चिडलो खरा. पण अंथरुणावर पडल्यावर वाटलं, पृथ्वी फिरताना मी तरी कुठं पाहिली होती? मास्तरांनी सांगितलं म्हणून मानली. आत्यानं राहू तिच्या वडिलांनी सांगितला म्हणून मानला. फरक एवढाच, की मास्तरांच्या हातात छडी होती.

वहिनी मात्र प्रयोगाला हसली नव्हती. तिला दिवस भरत आले होते. आदल्या खेपेचं मूल पोटातच गेलं होतं, आणि त्या वेळच्या ग्रहणात आपण विसरून विळीवर काकडी चिरली होती हे तिच्या मनातून जात नव्हतं. या खेपेला ती अगदी कडक नेम पाळणार होती. ग्रहण सुटेपर्यंत आतल्या खोलीत अंधारात बसायचं, खायचं नाही, प्यायचं नाही, हात-पाय हलवायचे नाहीत.

आता ग्रहण लागलं आणि सुटलं हे कळायचं कसं? सूर्य तर आषाढापासून कुणी पाहिला नव्हता. त्यासाठी आत्याकडे यंत्र होतं. परातीत पाणी घ्यायचं आणि मधोमध मुसळ उभं करायचं. ग्रहण आहे तोवर ते कुणाच्या आधाराशिवाय उभं राहतं, सुटलं की आपोआप पडतं. आमचं मुसळ साखरशेतहून आलेलं, अस्सल खैराचं. ते आणताना गाडीचा बैल वाटेत दोनदा बसला होता, असं आणणारा सांगत असे. खाली मनगटाएवढ्या जाडीचं लोखंडी कडं, दगडी उखळात वर्षानुवर्षं भात आणि नागली कांडून कांडून तळाशी आरशासारखं सपाट झालेलं.

अवसेच्या सकाळी आत्यानं ते परातीत ठेवलं आणि हात सोडला. मुसळ एखाद्या पहारेकऱ्यासारखं उभं राहिलं. बाहेर धुकं जरा काळवंडलं. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की नाशिकची सगळी शाळा मान खाली घालून उभी राहिली असती. वहिनीचं दार लागलं.

बऱ्याच वेळानं धुकं पुन्हा पांढरं झालं. रस्त्यावरून दान मागणारे ‘सुटलं गिराण’ करत गेले. कचेरीचे टोल पडले. मुसळ उभंच.

आत्या म्हणाली, दान मागणाऱ्यांना घाई असते, आणि कचेरीचं घड्याळ कचेरीपुरतं.

शेजारच्या काकूंचं मुसळ आंब्याच्या लाकडाचं, बुडाशी झिजून गोल झालेलं. ते केव्हाच पडलं होतं. खरं तर ते ग्रहणात पुरतं उभंही राहिलं नसावं, पण काकू ते मान्य करणाऱ्यातल्या नव्हत्या. न्हाऊन, केस झटकत त्या आमच्या ओटीवर आल्या.

“आत्याबाई, आमच्याकडे सुटलं हो.”

“तुमच्याकडे सुटलं असेल,” आत्या म्हणाली. “आंब्याच्या मुसळाचं ग्रहण केवढंसं असणार.”

काकूंनी नाक मुरडलं आणि त्या सूड म्हणून घरी जाऊन फोडणी देऊ लागल्या. कढीपत्त्याचा वास धुक्यात अडकला आणि आमच्या घरात येऊन बसला. भिंतीच्या पलीकडे जेवणं चाललेली, अलीकडे सूर्य अजून राहूच्या तोंडात. एका भिंतीनं विश्वाचे दोन भाग झालेले मी तेव्हा पाहिले.

इतक्यात आतून वहिनीचा आवाज आला. आवाज कसला, आवाजाचं टरफल.

“भावोजी, पडलं का हो?”

नाही, असं मी सांगितलं. पण गावभर सुटलंय, तुम्ही खुशाल बाहेर या.

“मला गरगरतंय,” ती म्हणाली. “पण मुसळ पडल्याशिवाय मी उठायची नाही. या खेपेला नाही.”

माझं डोकं फिरलं. मी आत्याला म्हटलं, हे कडं सपाट आहे, हे दसऱ्यापर्यंत उभं राहील, दिवाळीपर्यंत उभं राहील, मूल होऊन शाळेत जाईल तरी उभं राहील. ग्रहणाचा याच्याशी काहीएक संबंध नाही. पाडून टाका ते.

“मग पाड की,” आत्या शांतपणे म्हणाली. “तुझा तर विश्वास नाही.”

मी बाह्या सरसावून परातीपाशी गेलो. गुरुत्वाकर्षण माझ्या बाजूचं होतं. शाळा माझ्या बाजूची होती. एका बोटाचं काम. मी बोट पुढं केलं, आणि दाराआडून वहिनीचा श्वास ऐकू आला. जोराचा, तुटक. माझ्या मनात आलं, समजा, उद्या काही झालंच तर? राहूमुळे नाही, आपलं असंच. तर जन्मभर ते या बोटामुळे झालं असं तिला वाटेल. आणि मग, खरं सांगतो, त्यामागून दुसरा विचार आला, तो तिच्यापुरता नव्हता. समजा, राहू असलाच तर?

बोट हवेत राहिलं. मग मी तेच बोट मागं वळवून कंबरेला लावलं आणि पाठीत उसण भरल्याचं जाहीर केलं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बंद दाराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही, पण राज्य करणारी माणसं हुकूम फिरवण्याआधी अशीच दिसत असावीत. ती परातीजवळ पाटावर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, “सगळ्यांनी डोळे मिटा. सूर्यनारायणाचं नाव घ्या. पोरी, तूही घे. डोळे उघडायचे नाहीत हां कुणी.”

वहिनी आतून पुटपुटायला लागली. मी एक डोळा मिटला. दुसरा सायन्सच्या कामासाठी किलकिला ठेवला.

आत्याचं लुगडं जरा हललं. काठाखालून तिचा पाय बाहेर आला. उजवा, भेगाळलेला, रोज देवघर सारवणारीचा पाय. अंगठ्यानं परातीच्या कडेला हळूच, अगदी झोपलेल्या बाळाला हलवावं तसं, ढकललं. परात कलली. खैराचं ते धूड असं कोसळलं, की काकूंच्या घरातली फोडणी थांबली. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

“सुटलं,” आत्या डोळे मिटूनच म्हणाली. “पोरी, ऊठ. भिंतीला धरून ये.”

वहिनी आली ती पांढरी फटक, पण हसत. आत्यानं तिला न्हाऊ घातलं, गरम भात केला, त्यावर हातानं नाही, वाटीनं तूप ओतलं. वहिनी जेवली ते पाहून काकूंनासुद्धा भिंतीपलीकडून बरं वाटलं असावं, कारण कढीचं पातेलं न मागता आलं. पुढं मुलगी झाली. तिचा पहिला टाहो मोखाड्याकडच्या सूर्यमाळला ऐकू गेला असं माझं मत आहे. भाऊ मोखाड्याहून धावत आला तो निरोप मिळण्याआधीच, याला दुसरं कारण मला सापडत नाही.

वर्ष उलटलं. एका साध्या दिवशी, अवस नाही, ग्रहण नाही, घरात कुणी नाही असं पाहून मी परात काढली, पाणी ओतलं आणि मुसळ उभं केलं. उभं राहिलं. मी त्याच्यासमोर बसून पानतंबाखू संपवली. उभंच. माझं सायन्स खरं ठरलं होतं आणि ते सांगायला जवळ माणूस नव्हतं. मग मुसळ जागेवर ठेवायचं म्हणून मी हात पुढं केला, आणि काय गंमत, हात पुन्हा जरा अडखळला.

मागून आवाज आला. आत्या माझ्या पुतणीला कडेवर घेऊन दारात उभी होती, किती वेळ ते तिलाच ठाऊक.

“पायानं ढकल,” ती म्हणाली. “हातानं तुला जमत नाही.”