चार बोटं पाइप

त्या माणसाची आठवण आली की मला माझाच संताप येतो. खोपट भागातल्या दुकानात तो गाडीतल्या सबवूफरचे, म्हणजे घुमणाऱ्या बेसच्या स्पीकरचे, लाकडी बॉक्स बनवायचा. बॉक्सच्या पाइपसमोर तळहात धरून, हवेचा धक्का जोखत तो पाइपची लांबी ठरवायचा.

डिकीत सामान मावेना म्हणून माझ्या साहेबांनी त्याने बनवलेल्या बॉक्सचा बाहेर आलेला पाइप चार बोटं कापला, आणि वर मला सोबत घेऊन जाऊन त्यालाच सुनावलं, “आवाज फाटतो. भंगार काम तुझं!”

त्याने पाइप मापला. “कापलात तुम्ही, शिव्या मला? दादा, तुम्ही शिकलेले दिसता. सांगा, चूक कोणाची?”

मी फिजिक्सचा पदवीधर, घराण्यातला पहिला. आखूड पाइपने खालचा सूर जातो आणि आवाज फाटतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“साहेबांचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

त्याने पटाशीने बॉक्सवरचा आपला शिक्का खरवडून काढला आणि बॉक्स माझ्या हातात कोंबला.

“घ्या. आता हा तुमचा.”